वीस मोजल्यावर सुरू होणारी गाडी

जुनी डिझेल गाडी घेऊ का, असं मला अजूनही लोक विचारतात. बावीस वर्षं तसली एक गाडी मी सांभाळली, म्हणून आमच्या गल्लीत मी त्या विषयातला जाणकार ठरलोय. मी सरळ सांगतो, नका घेऊ. रोज पन्नास-साठ किलोमीटर चालवणार असाल तर गोष्ट वेगळी, नाहीतर बॅटरी, फिल्टर, नोझल आणि मिस्त्री हे चौघं मिळून तुम्हाला खातील. एवढं बोलून मी गप्प बसतो. माझी गाडी शेवटची काही वर्षं दूध आणायला जायची आणि परत यायची, तरी मी ती विकली नाही. का विकली नाही, हे चहाच्या टपरीवर सांगण्यासारखं नाही. म्हणून इथं लिहितोय.

मी पाटबंधाऱ्याच्या कामावर नकाशे काढायचो. पैठणला बारा वर्षं काढली आणि मग बदली होऊन शहरात आलो. तेव्हा शहराला औरंगाबादच म्हणायचे. गारखेड्यात तीन खोल्या बांधल्या आणि हातात थोडे पैसे उरले तशी ही गाडी घेतली. आठ वर्षं वापरलेली, पांढरी, मागच्या दाराला गंज धरलेला. त्या वेळी डिझेल पेट्रोलपेक्षा फारच स्वस्त होतं. मी कागदावर आकडेमोड केली आणि ही गाडी आपल्याला स्कूटरच्या खर्चात पडेल, असं बायकोला सिद्ध करून दाखवलं. ती म्हणाली, "कागदावर तुमचं सगळंच बरोबर असतंय."

विकणारा बिडकीनचा एक ठेकेदार होता. चावी देताना म्हणाला, "साहेब, हीटरचा दिवा गेलाय, पण त्यानं काही बिघडत नाय. चावी अशी धरून ठेवायची, मनात वीस मोजायचे, अन् मग सेल्फ मारायचा." ज्यांनी नव्याच गाड्या पाहिल्यात त्यांना सांगतो, डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. इंजिन गार असलं की आधी त्याला आतून तापवावं लागतं आणि त्यासाठी आत छोटे हीटरचे प्लग असतात. ते तापले की समोरचा दिवा विझतो आणि मग गाडी सुरू करायची. आमचा दिवा कायमचाच विझलेला होता. तेव्हा वीस मोजणं एवढाच उपाय.

पहिल्या सकाळी मी मोजले आणि सेल्फ मारला. गाडी खोकली, थरथरली आणि मागून पांढऱ्या धुराचा असा लोट सोडला की समोरच्या काकूंनी वाळत घातलेले पापड उचलून आत नेले. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा बॅटरीच बसली. शेवटी चार जणांनी ढकलून दिली तेव्हा कुठं ती सुरू झाली. मी ठेकेदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो. बायको दारात उभी राहून सगळं बघत होती. म्हणाली, "त्याला कशाला बोलता? त्यानं वीस सांगितले होते. तुम्ही मोजले कुठं, पळवले."

"मग तूच मोज," मी चिडून म्हणालो.

"मोजते की," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पदर खोचून पुढच्या सीटवर येऊन बसली. मी चावी फिरवून धरली. ती समोर काचेकडं बघत म्हणाली, "लाभ… दोन… तीन…"

एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. तिच्या वडिलांच्या खळ्यावर ज्वारी मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नसत. ही रीत आमच्याकडं बऱ्याच घरांत होती, पण सासरे त्या बाबतीत फार कडक होते. निजामाच्या काळात सरकारला सक्तीचं लेव्हीचं धान्य दुसऱ्याच्या मापानं द्यावं लागायचं आणि त्यात हमखास जास्त जायचं. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, लेव्ही गेली, पण सासऱ्यांचा दुसऱ्याच्या मोजण्यावरचा अविश्वास काही गेला नाही. लेकीला त्यांनी खळ्यावर शेजारी बसवून मोजायला शिकवलं. माप भरायचं, वरून हात फिरवायचा, ओतायचं आणि मगच पुढचा आकडा. त्यामुळं तिच्या दोन आकड्यांमध्ये एक माप ओतण्याएवढी जागा असायची. मी एकदा चोरून घड्याळ लावलं. तिच्या वीसला बावीस सेकंद लागत. त्यावर गाडी एका सेल्फमध्ये सुरू व्हायची, डिसेंबरच्या थंडीतही.

तेव्हापासून मोजायचं काम तिचं. ती बरोबर नसेल तर मी आपला ढकलस्टार्ट करायला उतार बघून गाडी लावायचो, इतकी मला तिच्या मोजण्याची सवय झाली. माझा स्वभाव तापट. घरातून भांडण करून निघालो तरी वीस होईपर्यंत मला तोंड उघडायला बंदी होती. मध्येच बोललो तर ती शांतपणे परत "लाभ"पासून सुरू करायची. एकदा मी चार वेळा बोललो आणि चार वेळा ती लाभवर आली. लग्नाला पोचायला आम्हाला उशीर झाला आणि दोघंही हसत पोचलो. आता वाटतं, आमचा संसार टिकला त्यात त्या बावीस सेकंदांचा बराच हात होता.

ती साड्यांना फॉल-पिको करायची. पैठणचे दोन विणकर तिच्याकडं खास पैठण्या पाठवायचे, कारण तिचा टाका वरून दिसत नसे. शनिवारी मागच्या सीटवर साड्यांचे गठ्ठे टाकून आम्ही पैठणला जायचो. बिडकीनला थांबून तिच्या भावाकडं चहा, मग पुढं. गाडी आवाज फार करायची, दार दोनदा आपटल्याशिवाय लागायचं नाही, पण ओझं वाहायला इमानी होती. फिल्टर वेळेवर बदलला, ऑइल वेळेवर बदललं, टाकी कधी रिकामी होऊ दिली नाही, म्हणजे लाईनीत हवा जात नाही आणि रस्त्यात पंप मारत बसावं लागत नाही. एवढी पथ्यं पाळली की जुनी डिझेल गाडी माणसाला दगा देत नाही. गाडीला पंधरा वर्षं भरली तेव्हा आरटीओत पासिंग करून घेतलं, वीस भरली तेव्हा परत केलं.

दुसऱ्या पासिंगनंतरच्या एका थंडीत आम्ही लग्नाला निघालो होतो. मी चावी धरली. तिनं सुरू केलं. "अकरा… बारा… तेरा… बारा… तेरा… बारा…"

मी म्हणालो, "अगं, पुढं जा की. प्लग जळतील."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "तेराच्या पुढं काय असतंय?"

मला वाटलं, मस्करी करतेय. मी म्हणालो, "सकाळी सकाळी डोकं नको खाऊ," आणि सेल्फ मारला. गाडी सुरू झाली. लग्नात ती सगळ्यांशी नीट बोलली. परत येताना मी ते विसरूनही गेलो.

पुढच्या सहा महिन्यांत विसरता येणार नाही इतकं झालं. दुधात मीठ पडलं. देवळातून येताना ती वळायचं सोडून सरळ गेली आणि ओळखीच्या भाजीवाल्यानं घरी आणून सोडली. एका पैठणीला तिनं फॉल खालच्या काठाऐवजी पदराला लावला. विणकर भला माणूस, त्यानं साडी उलगडून पाहिली, घडी घातली आणि म्हणाला, "वहिनी, आता जरा आराम करा." पुढच्या शनिवारी दोघांकडूनही गठ्ठा आला नाही. तिनं मशीनवर चादर घालून ठेवली आणि मला विचारलं, "आज वार कोणता?" मी सांगितलं, रविवार. तो शनिवार होता. मी आयुष्यात तिच्याशी बोललेलं ते पहिलं खोटं असेल.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि औषधंही दिली. निघताना एक गोष्ट मात्र दोनदा बजावली. "अजून जे काम त्यांना जमतंय ते त्यांनाच करू द्या. हातातून काढून घेऊ नका. एकदा काढलं की ते परत येत नाही." मी मान डोलावली. मला वाटलं, हे मला समजलंय.

घरातली कामं एकेक करून सुटत गेली, पण मोजणं राहिलं. गाडीत बसलं, चावी फिरल्याचा खट्ट आवाज आला की ती सरळ बसायची आणि म्हणायची, "लाभ." मग दोन, मग तीन. तेराला अडकायची, कधी नऊवर परत यायची, कधी सतरावरून एकदम अकरावर. पण शेवटी वीसला पोचायची. वीस म्हटलं की माझ्याकडं बघून मान हलवायची, म्हणजे मार आता. त्या क्षणी ती पूर्ण माझी पहिली बायको असायची. मी दोन लग्नं केलेली नाहीत, पण तुम्हाला कळलं असेल मी काय म्हणतोय ते.

घरात मी करून पाहिलं. ताटात शेंगदाणे ठेवले आणि म्हणालो, मोज बरं. तिनं शेंगदाण्यांची सुंदर ओळ लावली आणि माझ्याकडं बघत बसली. आकडा काही आला नाही. तो फक्त गाडीत यायचा. चावी धरलेली असली की यायचा. मग मी रोज सकाळी गाडी काढायला लागलो. दूध दारात येत होतं, ते बंद केलं आणि क्रांती चौकाच्या पुढं एका डेअरीवर जायला लागलो. तिला सांगायचो, चल, दूध आणू. ती चप्पल घालून तयार. एक लिटर दुधासाठी दीड टनाची गाडी. समोरच्या काकू म्हणाल्यासुद्धा, साहेबांचं काही खरं नाही.

मी, ज्याला सिग्नलला पुढच्यानं जरा वेळ लावला तर हॉर्नवरचा हात काढवत नसे, तो मी चावी धरून बसायचो. ती मोजत राहायची. कधी मिनिटभर, कधी दोन मिनिटं. मी बोलत नसे. बोललो की ती लाभवर जाईल आणि परत वर चढता येणार नाही, अशी मला भीती वाटायची.

आता याचा खर्च सांगतो, कारण तो झालाच. डिझेलच्या गाडीला असं छोटं छोटं चालवणं सोसत नाही. इंजिन तापायच्या आत बंद होतं, काजळी धरते, नोझल खराब होतात. बॅटरी मोठी लागते आणि हीटर लावून ठेवला की ती भराभर उतरते. आणि प्लग तर दोन-दोन मिनिटं तापत ठेवले की जळणारच. चार महिन्यांत चारही गेले. नवीन टाकले. पुन्हा तीन गेले. मोंढ्याजवळचा आमचा मिस्त्री, ज्यानं सुरुवातीपासून ही गाडी पाहिली होती, तो जळके प्लग हातावर घेऊन म्हणाला, "साब, ये क्या कर रहे आप? प्लग आहेत का अगरबत्त्या? इतना कोई जलाता क्या?" मी म्हणालो, माल खराब असेल. तो माल त्यानं स्वतः आणलेला होता.

पंचविसाव्या वर्षाचं पासिंग जवळ आलं तेव्हा मुलगी पुण्याहून आली. तिनं मोबाइलवर सगळं मांडलं. पासिंगची फी, हरित कर, बॅटरी, प्लग, नोझलचं काम, त्यात डिझेलही आता काही स्वस्त राहिलेलं नाही. म्हणाली, "बाबा, एवढ्यात तुम्ही आईला रोज एसी टॅक्सीनं फिरवू शकाल. दारात येईल, दारात सोडेल. ही गाडी परवडतच नाही." तिचं बरोबर होतं. मी तीस वर्षं आकड्यांवर पोट भरलेला माणूस, मला बरोबर आणि चूक कळतं. म्हणून मी ओरडलो. माझी गाडी, माझी पेन्शन, तुझ्या बापाला शिकवू नकोस. ती रडली. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि मला म्हणाली, "कोण आहे ती? तिला का रागावता?"



खरं कारण मी मुलीला सांगितलं नाही. आईला मोजता यावं म्हणून गाडी ठेवलीय, हे सांगायची मला लाज वाटली. का वाटली ते अजून कळत नाही. सांगितलं असतं तर ती पोरगी स्वतः प्लग विकत घेऊन आली असती. मी फक्त एवढं कबूल केलं, की खर्च निम्म्यावर आणून दाखवतो, नाही आला तर विकतो. मला गाडी वाचवायची होती. ती गेली तर हिचे आकडे जातील आणि आकडे गेले तर मागं काय उरतं ते मला दिसत होतं.

मिस्त्रीकडं गेलो. म्हणालो, प्लग जळायचे थांबव, काहीही कर. तो खूश झाला. म्हणाला, "साब, सीधी बात है. टायमर बसवतो. चावी फिरवली की पाच-सहा सेकंदांत नवे प्लग तापतात, आपोआप कट होतात, दिवा बी नवा टाकतो. दिवा विझला की मारा. मग कितीही धरा, जळणार नाय. बॅटरी बी वाचेल." किती लागतील ते त्यानं सांगितलं. एका वेळच्या प्लगच्या सेटएवढे. मी मनात वर्षाचा हिशोब केला, खर्च खरंच निम्म्यावर येत होता. मी हो म्हणालो. त्या वेळी माझ्या डोक्यात फक्त गाडी वाचवायची होती. कशासाठी वाचवायची, ते मी त्या दुकानात विसरलो. विसरण्याचा आजार तिला होता, मला नव्हता.

पासिंग झालं. पाच वर्षांची मुदत मिळाली. मी मुलीला फोन करून ऐटीत सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाला निघालो. ती बसली, सरळ झाली. मी चावी फिरवली. समोर नारिंगी दिवा लागला, सतरा वर्षांत पहिल्यांदा. "लाभ… दोन… तीन… चार…" दिवा विझला. मी सेल्फ मारला. गाडी अर्ध्या फेऱ्यात सुरू झाली, धूर नाही, थरथर नाही. मी इतका खूश झालो की स्टिअरिंगवर थाप मारली.

ती तोंड उघडं ठेवून पाचवर थांबली होती. "झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

"वीस नाय झाले."

"आता वीस लागत नाहीत. दिवा बसवलाय. आता तुला सुट्टी."

मी हे हसत म्हणालो. लाडानं म्हणालो, असंही म्हणता येईल. तिनं दिव्याकडं पाहिलं, मग मांडीवरच्या हातांकडं. पुढच्या सकाळी चावी फिरवली तेव्हा तिनं लाभ म्हटलं आणि थांबून दिव्याकडं बघत बसली. त्याच्या पुढच्या सकाळी तेही म्हटलं नाही. दिवा विझला, गाडी सुरू झाली, आम्ही दूध आणलं.

मला कळायला चार दिवस लागले. इतका हुशार मी. पाचव्या दिवशी डॉक्टरांचं वाक्य आठवलं. तसाच मिस्त्रीकडं गेलो आणि म्हणालो, काढून टाक तो टायमर, दिवा फोड, जुनं होतं तसं कर. तो म्हणाला, "साब, चांगली चाललीय ना?" मी दुकानातच रडायला लागलो. पन्नास माणसांसमोर. तेव्हा पहिल्यांदा मी कोणाला तरी खरं सांगितलं. त्यानं हातातलं काम सोडून टायमर काढला, दिव्याची वायर कापली आणि पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "प्लग जळू द्या. जितने लगे उतने देतो मी."

पण उपयोग झाला नाही. मी चावी धरून बसलो. ती शांत बसली होती.

"मोज ना," मी म्हणालो.

"मला सुट्टी दिलीय ना," ती म्हणाली.

लेकीचं नाव तिला आठवत नव्हतं. जेवलो की नाही ते आठवत नव्हतं. माझं ते एक वाक्य तेवढं तिनं धरून ठेवलं. मी म्हणालो, सुट्टी रद्द, काम सुरू. हात जोडले. "लाभ," मी स्वतः सुरू करून दिलं, "दोन… तीन…" आणि तिच्या तोंडाकडं बघत राहिलो. ती म्हणाली, "तुम्हीच मोजा. मला सुट्टी हाय." महिनाभर मी रोज हे केलं. रोज तेच उत्तर. मग ते उत्तरही देईनाशी झाली.

हळूहळू ती पुढच्या सीटवर बसायची थांबली. मी पुढचं दार उघडायचो, ती मागचं उघडून आत बसायची. पहिल्या दिवशी मी ओढून पुढं आणायला गेलो तर घाबरली. मग मी सोडून दिलं. ती मागं, मी पुढं, असे आम्ही फिरायचो. आरशात ती दिसायची. खिडकीतून बाहेर बघत असायची, मजेत.

असंच एकदा तिला बिडकीनला घेऊन गेलो. भाऊ भेटला, तिनं त्याला ओळखलं नाही, पण त्याच्या अंगणात तासभर छान बसली. दुपार टळायच्या आत आम्ही परत आलो. मी फाटकासमोर गाडी उभी केली आणि उतरून तिचं दार उघडलं. ती खाली उतरली, पदर नीट केला आणि पर्स उघडली.

"किती झाले, भाऊ?"

ती पर्समध्ये हात घालून चाचपत बोलत राहिली. "चांगली चालवली तुम्ही. हिसका नाय बसला कुठं. आमच्या घरी बी गाडी हाय, आमचे मालक नेतात मला. पण ती मी मोजल्याबिगर चालू होत नाय." मग तिनं घराकडं एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला. "अन् मला आता मोजता येत नाय. लाभच्या पुढं काय, ते येतच नाय. त्यांना सांगितलं नाय मी. सुट्टी दिलीय म्हणून सांगते. रागीट हायेत ना ते."

"बरं," मी म्हणालो.

"तुम्ही बी बोलू नका त्यांना."

"नाय बोलत, ताई."

तिनं उघडी पर्स माझ्यापुढं धरली आणि म्हणाली, घ्या तुमचे तुम्ही मोजून. मी त्यातली दहाची एक नोट घेतली आणि तिच्यासाठी फाटकाची कडी काढली.